मांडव्याचं शेत पड टाकू नका

मांडव्याहून चोंढीकडे जाताना श्रावणात रस्त्याच्या दोन्ही अंगांना नीट पाहा. एका शेतात भात पोटरीला आलेलं असतं, शेजारच्या शेतात कमरेएवढं गवत. त्या गवताखाली कधीकाळी लावणीच्या ओळी होत्या, हे बांध पाहून ओळखता येतं. मालक मुंबईला किंवा पनवेलला असतो. त्याला विचारलं तर उत्तर ठरलेलं : मजूर मिळत नाहीत, बैल राहिले नाहीत, दहा-वीस गुंठ्यांत परवडत नाही.

ही तिन्ही कारणं खरी आहेत. तरीही दहा गुंठ्यांचं भात आजही करता येतं आणि ते करायला हवं. कसं, ते सांगण्यासाठी हा लेख आहे. ज्यांची जमीन वडिलोपार्जित आहे त्यांच्यासाठी आहे, तसाच ज्यांनी इथल्या शेतकऱ्याशी बोलून त्याचं पडीक शेत करायला घेतलं आहे त्यांच्यासाठीही.

दाणा आला कुठून

कोणतंही धान्य लावण्याआधी त्याचा स्वभाव कळावा लागतो आणि स्वभाव त्याच्या जन्मात असतो. गहू आणि जव पश्चिम आशियातले, थंडीत वाढणारे. मका मेक्सिकोतला. ज्वारी, बाजरी आणि नाचणी ही तिन्ही आफ्रिकेतून हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे आली. त्यांतली नाचणी तिथल्या पूर्वेकडच्या डोंगराळ भागातली, म्हणून तिला आपला डोंगरउतार मानवला. भाताची शेती चीनमधल्या यांगत्से नदीच्या खोऱ्यात सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी आकाराला आली. आपल्याकडच्या बहुतेक वाणांची वंशरेषा मात्र गंगेच्या मैदानातल्या भाताशी जुळते. भाताचा पूर्वज दलदलीतलं गवत होता. मुळांशी पाणी साचलं की इतर धान्यं गुदमरतात, भात गुदमरत नाही, कारण त्याच्या खोडात हवा खाली नेणाऱ्या पोकळ्या असतात. जून ते सप्टेंबर पाण्याखाली राहणाऱ्या आपल्या चिखलात म्हणूनच भातच उभं राहतं.

तो पूर्वज अजूनही आपल्यात आहे. तळ्याच्या काठाला आपोआप उगवणाऱ्या देवभाताला आपण ओळखतो. ऋषिपंचमीला नांगराचं धान्य चालत नाही, म्हणून त्याचे तांदूळ खाल्ले जातात. देवभाताचा दाणा पिकला की आपला आपण गळून चिखलात पडतो आणि पुढच्या पावसात उगवतो. शेतातल्या भाताचा दाणा लोंबीला धरून राहतो. न गळणारी लोंबी माणसाने पिढ्यानपिढ्या निवडली, म्हणून तर आपल्याला झोडणी करावी लागते. त्या निवडीत दाण्याने स्वतः पेरून घेण्याची ताकद गमावली. माणसाचा हात थांबला तर शेतातलं भात दोन-चार वर्षांत नाहीसं होतं, देवभात उरतं. आपल्या खाडीकाठच्या खारातल्या बांधाचंही असंच आहे : माणसाचा हात थांबला की तोही टिकत नाही.

आधी जमीन ओळखा

मांडव्याच्या पंचक्रोशीत जमीन तीन तऱ्हेची आहे. उताराची तांबडी, मुरमाड ती वरकस. सखल, पाणी धरणारी ती भातखाचरं. आणि खाडीच्या बाजूला, रेवस-धोकवड्याकडे आणि पुढे पोयनाड-शहापूरच्या अंगाला खारेपाट. किनाऱ्यालगतच्या नारळ-सुपारीच्या वाड्या यात धरत नाही, तिथे भाताचं काम नाही.

तुमचा तुकडा कोणता हे शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, तो नावासकट सांगेल. त्यानंतर माती तपासून घ्या. शेतात नागमोडी फिरून आठ-दहा ठिकाणची वीतभर खोलीची माती घ्यायची, एकत्र करून त्यातली अर्धा किलो सावलीत वाळवून प्रयोगशाळेत द्यायची. हे काम मे महिन्यात, पाऊस पडण्याआधी करा. खारातल्या मातीत त्या वेळी मीठ सर्वांत वर आलेलं असतं, त्यामुळे खरी परिस्थिती कळते.

वाण निवडताना

आपल्या सुदैवाने भाताची चांगली संशोधन केंद्रं आपल्याच जिल्ह्यात, कर्जत आणि पनवेलला आहेत. दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झालं. त्याच्या कर्जतच्या केंद्राने कोकणाला अनेक सुधारित वाण दिले आणि पनवेलचं खारभूमी संशोधन केंद्र खाऱ्या जमिनीवर काम करतं.

लवकर पाणी ओसरणाऱ्या वरच्या खाचरात हळवं भात घ्या : कर्जत-३, कर्जत-१८४, कर्जत-७. मधल्या शेतात निमगरवं, म्हणजे कर्जत-५. दसऱ्यानंतरही ओल टिकते अशा सखल शेतात गरवं कर्जत-२. खारात पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ किंवा जुना राता. हळवं भात सखल शेतात लावलं तर ते पिकतं तेव्हा शेतात पाणी असतं आणि वर हस्ताचा पाऊस. गरवं भात उतारावर लावलं तर दाणा भरायच्या वेळी जमीन सुकते. भात फसण्याचं हे सर्वांत साधं आणि टाळता येण्याजोगं कारण आहे.

रात्याविषयी एक शब्द. त्याचा तांदूळ लाल, कारण जंगली भाताचा लाल पापुद्रा त्याने टाकला नाही. उत्पन्न कमी, पण मीठ सोसण्याची ताकद मोठी. कुणाकडे बी शिल्लक असेल तर दोन गुंठ्यांत तरी ते लावून जिवंत ठेवा.

बी आणि रोपवाटिका

एक एकराला, म्हणजे ४० गुंठ्यांना, साधारण १५ किलो बी आणि ४ गुंठे रोपवाटिका पुरते. दहा गुंठ्यांना चार किलो बी आणि एक गुंठा. घरचं बी वापरणार असाल तर दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवा आणि बी त्यात टाका. तरंगणारा पळींज काढून फेका, तळाचं जड बी दोन-तीनदा गोड्या पाण्याने धुऊन चोवीस तास सावलीत वाळवा. हे न करता पेरलेल्या बियात पोकळ दाणा जातो आणि रोपं विरळ होतात. त्यानंतर किलोला ३ ग्रॅम थायरम चोळा. पेरायच्या थोडं आधी ॲझोटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणारं जिवाणू खत, प्रत्येकी किलोला २५ ग्रॅम.

आपल्याकडे राब भाजायची चाल जुनी आहे. शेण, पालापाचोळा, गवत जमिनीवर थर लावून जाळायचं आणि त्या जागी पेरायचं. त्याने तणाचं बी मरतं हे खरं. पण एका गुंठ्याच्या राबासाठी डोंगरावरची किती झाडं खांदली जातात, ते कनकेश्वराच्या पायथ्याला राहणाऱ्यांना सांगायला नको. राबाऐवजी मीटर-सव्वा मीटर रुंदीचे, चार बोटं उंच गादीवाफे करा. गिरणीतून आणलेलं तूस जाळून त्याची काळी राख वाफ्यात मिसळा, चौरस मीटरला अर्धा ते एक किलो. त्या राखेतलं सिलिकॉन रोपाचं खोड ताठ करतं. ओळीत पेरा, झाकून टाका, गुंठ्याला किलोभर युरिया द्या.

पेर रोहिणीच्या धूळवाफेवर करा किंवा मृगाची सर पडली की करा. आर्द्रा लागेपर्यंत थांबलात तर लावणी लांबते आणि सगळं वेळापत्रक मागे पडतं.

मुंबईकरांनी एक गोष्ट आधीच ठरवून ठेवावी. गेटवेच्या लाँचा पावसाळ्यात बंद असतात. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो सुरू झाली, ती हवामान पाहून चालते. तेव्हा पेरणीचे दोन दिवस आणि लावणीचे तीन दिवस जूनच्या आधीच ठरवून रजा टाका. लावणी शनिवार-रविवारसाठी थांबत नाही.

लावणी : ओळ सोडू नका

एकवीस ते पंचवीस दिवसांचं आवण खणा. वाफ्यात आदल्या दिवशी पाणी भरून ठेवलं तर मुळं तुटत नाहीत. एका चुडात दोन-तीन रोपं, दोन बोटं खोल, उथळ. खोल लावलेल्या रोपाला फुटवे कमी येतात. हळव्यासाठी १५ बाय १५ सेंटीमीटर, गरव्यासाठी २० बाय १५ अंतर ठेवा.

कमी जमिनीत जास्त भात हवं असेल तर चारसूत्री पद्धत शिकून घ्या. डॉ. नारायण सावंत यांनी ती कोकणातल्या छोट्या शेतकऱ्यासाठी मांडली. तुसाची राख रोपवाटिकेत आणि पेंढा शेतात परत घालणं हे पहिलं सूत्र. गिरिपुष्पाचा हिरवा पाला चिखलणीच्या आधी शेतात टाकणं, गुंठ्याला सुमारे ३० किलो, हे दुसरं. दोरीवर खुणा करून १५ आणि २५ सेंटीमीटर असं आलटून पालटून अंतर ठेवणं हे तिसरं. त्यामुळे चार-चार चुडांचे छोटे चौकोन तयार होतात. त्या प्रत्येक चौकोनाच्या मध्यभागी युरिया-डीएपीची एक ब्रिकेट, लावणी झाली त्याच दिवशी, बोटभर खोल खोचणं हे चौथं. गुंठ्याला सुमारे ६२५ ब्रिकेट लागतात, वजनाने पावणेदोन किलो. फेकून दिलेला युरिया आपल्या पावसात वाहून जातो, चिखलात खोचलेली ब्रिकेट मुळांशी राहते. दहा गुंठ्यांचं शेत घरच्या चार माणसांनी एका दिवसात खोचून होतं.

मजूरच नाहीत, पाण्याचा निचरा चांगला आहे, अशा शेतात सगुणा भात तंत्र पाहा. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी ते विकसित केलं. त्यात गादीवाफे एकदाच करायचे, पुढे नांगरणी, चिखलणी, लावणी काही नाही. साच्याने भोकं पाडून बी थेट टोकायचं, भात कापल्यावर मुळं जमिनीतच ठेवायची आणि त्याच वाफ्यावर वाल किंवा दुसरं पीक घ्यायचं. खोल पाणी साचणाऱ्या शेतात किंवा खारात मात्र हे जमणार नाही.

लावणीनंतर तण उपटणं, बांधावरची खेकड्यांची बिळं बुजवणं आणि पाणी दोन-चार बोटं ठेवणं ही रोजची कामं. ती शेजारच्याला मोबदला देऊन सोपवा. खोडकिडीसाठी आठवड्यातून एकदा शेतात फिरा. मधला पोंगा सुकलेला दिसला आणि ओढल्यावर सहज हातात आला तर किडीचं काम समजा. शंभरात पाचांपेक्षा जास्त पोंगे असे निघाले तरच औषधाचा विचार करा आणि तोही कृषी सहायकाला विचारून. दाण्यात दूध भरताना पाखरं येतात, तेव्हा राखण लागते. पण त्यांना शत्रू समजू नका. शेजारच्या किहीमला सालीम अलींनी १९३० च्या सुमारास सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. ही सुगरण भात खाते, पण पिलांना भरवते ते किडे.

खारातलं भात

आता सर्वांत महत्त्वाचं. खारेपाटातली जमीन समुद्राकडून मिळवलेली आहे. बाहेरकाठ्याचा बांध भरतीला अडवतो. उघाडीचं दार भरतीच्या दाबाने बंद होतं आणि ओहोटीला शेतातल्या पाण्याने उघडतं. पावसाचं गोडं पाणी शेतात साठवायचं, मीठ त्यात विरघळू द्यायचं आणि ओहोटीला उघाडीतून सोडायचं. जूनच्या अखेरीपर्यंत हे दोन-तीन वेळा झालं की जमीन लावणीजोगी होते. मीठ सर्वांत जास्त बाधतं ते कोवळ्या रोपाला आणि फुलोऱ्यातल्या भाताला. म्हणून रोपवाटिका खारात करू नका, वरच्या गोड्या जमिनीत करा. रोप महिनाभराचं, थोरलं घ्या आणि एका चुडात चार-पाच लावा. लावणीला माणसंच नसतील तर जुनी रहू पद्धत आहेच : मोड आणलेलं बी चिखलावर फेकायचं. भात कापल्यावर ओल असतानाच शेत उथळ नांगरून ठेवा किंवा पेंढा पसरा, म्हणजे उन्हाळ्यात मीठ वर चढत नाही.

हे सगळं बांधावर अवलंबून आहे. उधाणाच्या भरतीला बांधाला एक खांड गेली की एकट्याचं शेत जात नाही, बांधाआतली सगळी शेतं जातात. आणि खांड जाते कधी? ज्याचं शेत पड आहे तो बांधावर फिरकत नाही. खेकड्याचं बीळ वाढत जातं, त्यातून पाणी झिरपतं आणि आषाढातल्या अमावस्येला माती ढासळते. दोन-तीन वर्षं खारं पाणी आत-बाहेर करू लागलं की कांदळवन उभं राहतं. कांदळवन तोडायला कायद्याने बंदी आहे आणि ती योग्यच आहे, कारण बांधाबाहेरचं कांदळवनच लाटांचा मार स्वतःवर घेऊन बांध राखतं. पण शेतात ते उगवलं की तुमचं शेत कायमचं गेलं.

म्हणून खारात जमीन असेल तर काही न पेरता आलं तरी एवढं करा. दरवर्षी मे महिन्यात आपल्या वाट्याचा बांध चालून पाहा. उघाडीचं दार नीट बसतं का पाहा. भांगाच्या दिवसांत, भरती कमी असताना, बिळं आणि भेगा चिखलाने बुजवा. बांध शासकीय योजनेतला असेल तर खारभूमी विभागाकडे पावसाच्या आधी, गावाने मिळून लेखी अर्ज द्या.

वरकसावर नाचणी आणि वरी

उताराच्या तांबड्या जमिनीला भात मागू नका. तिथे नाचणी आणि वरी. दापोली-१ ही नाचणी चांगली आहे. रोपं करून, पाऊस स्थिरावल्यावर लावा. पाणी साचू देऊ नका, खत थोडंच द्या. वरी तर आणखी सोशिक. उपवासाला आपण तिचे तांदूळ खातो आणि शेतात मात्र तिला विसरलो. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, पांढऱ्या तांदळात दहाच्या आसपास. वाढत्या मुलांच्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या घरात आठवड्यातून तीनदा तरी नाचणीची भाकरी किंवा आंबील असावी.

कापणी, साठवण आणि वापर

लोंबीतले शंभरातले नव्वद दाणे कडक झाले की कापा. त्याआधी आठ-दहा दिवस पाणी काढून टाका. पूर्ण वाळायची वाट पाहिली तर दाणा गळतो आणि गिरणीत कणी जास्त होते. वैभव विळ्याने जमिनीलगत कापा. उंच धसकट ठेवलं तर खोडकिडीची अळी त्यातच राहते. झोडणीनंतर भाताला दोन-तीन उन्हं द्या. दाणा दाताखाली कट्‌कन तुटला पाहिजे. ओलं भात कणगीत गेलं की सोंडे होतात.

शंभर किलो भाताचे साधारण ६५ किलो तांदूळ होतात. बाकी काही वाया जात नाही. तूस राखेसाठी. कोंडा गुरांना; गिरणीत तांदूळ फार पांढरा केला की ब जीवनसत्त्वं त्या कोंड्यातच जातात, तेव्हा गिरणीवाल्याला एकच हात मारायला सांगा. कणी घावनाला आणि पेजेला. जाड तांदूळ भाकरीला, जुना तांदूळ भाताला, नव्या वासाच्या तांदळाची पिठी मोदकाला. पेंढा गुरांना आणि मेमध्ये आंब्याच्या अढीला. दहा गुंठ्यांतून चौघांच्या घराला कित्येक महिने पुरतील एवढे तांदूळ निघतात, आणि त्याला काय काय घातलं आहे ते तुम्हाला माहीत असतं.

शेत रिकामं झालं की ओलीवर कडवे वाल पेरा. त्यांना पाणी लागत नाही, खत लागत नाही, उलट जमिनीत नत्र सोडून जातात. पौष-माघात त्याच शेंगांची भांबुर्डीच्या पाल्यात पोपटी लावा. विहिरीचं पाणी असेल तर आपल्या अलिबाग तालुक्याचा पांढरा कांदा आहे. त्याला भौगोलिक मानांकन आहे आणि तोही भात कापलेल्या शेतातच होतो. हंगामात आपली ई-पीक पाहणी स्वतः नोंदवा, म्हणजे सातबाऱ्यावर ‘पड’ असा शेरा बसणार नाही.

ही जमीन कशी मिळाली

अलिबाग तालुक्याने एकदा जाणूनबुजून शेतं पड टाकली होती. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी खारेपाटातल्या चरी गावी, नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी ठरवलं की खोताची जमीन कसायची नाही. पंचवीसएक गावं त्यात उतरली. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे परिषदेला आले. संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षं घरात भाताचा दाणा नाही, तरी माणसं हटली नाहीत. त्यानंतर कुळांना कायद्याचं संरक्षण मिळत गेलं आणि १ एप्रिल १९५७ ला कसणारा मालक झाला.

त्यांनी शेत पड टाकलं ते जमीन कसणाऱ्याची व्हावी म्हणून. आज आपल्या नावावर सातबारा आहे आणि शेत पड आहे. यंदा निदान एक गुंठा रोपवाटिका करा. मे महिन्यात बांध चालून या. लावणीला मुलांना घेऊन चिखलात उतरा आणि शेजारच्या पडीक शेताच्या मालकाला फोन करून तेच सांगा.